सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो

सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो (८ मे, १८५५:आसगाव, बार्देश, गोवा - ४ एप्रिल, १९२२:लिस्बन, पोर्तुगाल) हे गोमंतकीय कॅथलिक धर्मगुरू, भाषाशास्त्रज्ञ, कोशकार आणि संस्कृतचे अध्यापक होते. कोकणी भाषेचे शब्दकोश आणि आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा अभ्यास यांसाठी ते विशेष ओळखले जातात. भारत व श्रीलंकेच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज आणि स्थानिक भाषांच्या संपर्कातून तयार झालेल्या बोलींचे त्यांनी पद्धतशीर वर्णन केले. या बोलींत मुंबई, वसई, साष्टी व चौल या परिसरातील ख्रिस्ती लोकांच्या नॉर्तेइरो बोलीचा समावेश होतो. ती आज मुंबईतून नाहीशी झाली आहे. दालगादो यांनी १९०६ साली प्रसिद्ध केलेला लेख हा तिच्याविषयीच्या माहितीचा एक प्रमुख आधार आहे.

जन्म व शिक्षण

दालगादो यांचा जन्म गोव्यातील बार्देश तालुक्यात, आसगाव या गावी झाला. त्यांचे थोरले बंधू दानियेल जेलाझियो दालगादो हे वैद्यक आणि वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक होते. गोवा व सावंतवाडी येथील वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. एका भावाने कोकणातील झाडाझुडपांची आणि दुसऱ्याने कोकणातील शब्दांची नोंद करावी, असा योग या कुटुंबात जुळून आला.

म्हापसा येथील शालेय शिक्षणानंतर सेबास्तियाँव यांनी साष्टी तालुक्यातील राशोल येथील धर्मपीठात प्रवेश घेतला. भाषाभ्यासाच्या दृष्टीने हे स्थान महत्त्वाचे आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली आणि त्यांचे कोकणीचे व्याकरण १६४० साली राशोल येथेच छापले गेले होते. १८८१ साली दालगादो यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. त्यानंतर उच्च शिक्षणासाठी ते रोमला गेले आणि तेथे त्यांनी धर्मविधी (चर्चचा कायदा) व रोमन विधी या विषयांत डॉक्टरेट मिळवली.

ज्या समाजात ते वाढले, त्याच्या भाषेचा इतिहास कष्टाचा होता. १६८४ साली पोर्तुगीज शासनाने एक फर्मान काढून गोव्यातील लोकांनी कोकणी सोडावी आणि तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलू लागावे, असा आदेश दिला होता. तो पूर्णपणे अमलात आला नाही. तरीही घरात बोलली जाणारी भाषा ही नोकरचाकरांची व अशिक्षितांची, आणि प्रतिष्ठेची भाषा ती पोर्तुगीज, ही समजूत सुशिक्षित गोमंतकीयांत पुढे दीर्घकाळ टिकली. दालगादो यांच्या कार्याला या समजुतीची पार्श्वभूमी आहे.

धर्मकार्य व भाषांचा परिचय

रोमहून परतल्यावर दालगादो यांनी पोर्तुगालच्या पाद्रोआदो या धर्माधिकार व्यवस्थेखाली काम सुरू केले. पाद्रोआदोचा अधिकार पोर्तुगालच्या राजकीय सत्तेखाली नसलेल्या प्रदेशांवरही चालत असे. त्यामुळे त्यांना श्रीलंका व बंगाल येथे व्हिकर जनरल म्हणून काम करता आले. उत्तर कानड्यातील होनावर येथेही त्यांनी काही काळ सेवा केली.

या भ्रमंतीत त्यांचा निरनिराळ्या भारतीय भाषांशी संबंध आला. पोर्तुगीज सत्ता जेथून कधीच निघून गेली होती, अशा ठिकाणी लोक घरात पोर्तुगीजसारखी भाषा बोलत असल्याचे येथेच दिसून येत असे. श्रीलंकेतील पोर्तुगीज सत्ता १६५८ साली डचांनी संपवली होती. पण डच अंमल आणि त्यामागून आलेला इंग्रज अंमल या दोहोंतूनही तेथील पोर्तुगीज बोली वाचली होती. लिस्बनमधील शिष्ट पोर्तुगीजाला ती सहज समजली नसती. पुढे १९०० साली दालगादो यांनी याच बोलीवर ग्रंथ लिहिला.

कोकणी शब्दकोश

१८९३ साली दालगादो यांचा कोकणी-पोर्तुगीज शब्दकोश मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यात छापला गेला. मराठी वाचकांना इंदुप्रकाश हे नाव एकोणिसाव्या शतकातील सुधारणावादी पत्र म्हणून परिचित आहे. कोशातील कोकणी शब्द देवनागरी लिपीत असून त्यांसोबत रोमन लिप्यंतर व व्युत्पत्ती दिली आहे. गोव्यातील ख्रिस्ती समाजात कोकणी रोमन लिपीत लिहिण्याची प्रथा रूढ असताना एका धर्मगुरूने देवनागरीची निवड करणे ही उल्लेखनीय गोष्ट होती. संस्कृतशी असलेले शब्दांचे नाते दाखवण्यासाठी ही लिपी अधिक सोयीची होती. १९०५ साली लिस्बन येथे पोर्तुगीज-कोकणी शब्दकोशही प्रसिद्ध झाला.

कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद त्या काळात सुरू झाला होता आणि विसाव्या शतकात तो अधिक तीव्र झाला. दालगादो यांनी कोकणीला स्वतंत्र भाषा मानून तिचे काम केले. त्यांच्या कोशांचा उपयोग मात्र मराठीच्या अभ्यासकांनाही होतो, कारण दक्षिण कोकणातील अनेक शब्दांची जुनी रूपे व व्युत्पत्ती त्यांत सापडतात.

लिस्बनमधील वास्तव्य

१८९५ साली दालगादो लिस्बनला गेले. त्यानंतरचे आयुष्य त्यांनी तेथेच घालवले. १८९७ साली त्यांनी केलेला हितोपदेशाचा पोर्तुगीज अनुवाद प्रसिद्ध झाला. पोर्तुगीज संस्कृततज्ज्ञ गिल्येर्मे द व्हास्कोन्सेलोस आब्रेउ यांच्यानंतर १९०७ साली लिस्बनच्या उच्च साहित्य अभ्यासक्रम संस्थेत संस्कृत शिकवण्याचे काम त्यांच्याकडे आले. या संस्थेचे पुढे लिस्बन विद्यापीठाच्या साहित्य विद्याशाखेत रूपांतर झाले. पोर्तुगालच्या विज्ञान अकादमीचे ते सदस्य होते.

उत्तरायुष्यात त्यांना मधुमेहाने ग्रासले. या विकारामुळे त्यांचे पाय कापावे लागले आणि हिंडणेफिरणे बंद झाले. त्यांच्या सर्वात मोठ्या ग्रंथांपैकी बरेचसे काम या अवस्थेत पूर्ण झाले आहे. आशियाभर पसरलेल्या शब्दांचा माग त्यांनी जुनी प्रवासवर्णने, बखरी, शब्दकोश आणि पत्रव्यवहार यांच्या आधारे घेतला.

पिजिन, क्रिओल आणि पॅट्वा

दालगादो यांच्या कामाचे स्वरूप समजण्यासाठी तीन संज्ञांमधील फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. या संज्ञा कॅरिबियन बेटांवरील भाषांच्या संदर्भात अधिक प्रचलित आहेत आणि अनेकदा एकमेकींच्या जागी वापरल्या जातात.

पिजिन ही कामापुरती तयार झालेली संपर्कभाषा असते. एकमेकांची भाषा न समजणारे लोक बंदरात, बाजारात, जहाजावर किंवा मळ्यात एकत्र आले की मोजके शब्द व साधी रचना यांच्या आधारे व्यवहार सुरू होतो. पिजिन कोणाचीही मातृभाषा नसते. काम संपले की प्रत्येकजण घरी आपली भाषा बोलतो.

क्रिओल ही मातृभाषा असते. मूल जन्मापासून ती ऐकते व तीतच विचार करते. त्यामुळे प्रेम, भांडण, प्रार्थना, विनोद, कायदा या सर्वांसाठी लागणारी साधने तिच्यात असतात. तिचा बहुतेक शब्दसंग्रह एका प्रबळ भाषेतून आलेला असतो, पण व्याकरण त्या भाषेचे नसते. प्रत्येक क्रिओल आधी पिजिन होती काय, याविषयी भाषाशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. काही ठिकाणी पिजिनचा टप्पा स्पष्ट दिसतो, तर काही ठिकाणी मिश्र कुटुंबांतून मातृभाषा थेट घडली असावी, असे मानले जाते.

पॅट्वा ही भाषाशास्त्राची संज्ञा नाही. फ्रेंचमध्ये हा शब्द खेडवळ, कमी दर्जाच्या मानलेल्या बोलीसाठी वापरला जात असे. भाषा कशी बनली हे तो सांगत नाही. तिच्याकडे समाज कसा पाहतो, एवढेच त्यातून कळते. जमैकातील लोक आपल्या भाषेला पॅट्वा म्हणतात, पण शास्त्रीय दृष्टीने ती इंग्रजी शब्दसंग्रहावर उभी असलेली क्रिओल आहे. सेंट लुसिया व डॉमिनिका या बेटांवर हाच शब्द फ्रेंच शब्दसंग्रहाच्या क्रिओलसाठी वापरला जातो. एकच नाव धारण करणाऱ्या या दोन भाषांचे भाषक त्यांच्या आधारे एकमेकांशी बोलू शकत नाहीत. हैतीमधील क्रिओलला मात्र १९८७ च्या संविधानाने फ्रेंचच्या बरोबरीने अधिकृत भाषेचा दर्जा दिला आहे.

कॅरिबियन बेटांत या भाषा मुख्यतः गुलामगिरीच्या व्यवस्थेत घडल्या. आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतून आणलेल्या लोकांना उसाच्या मळ्यांत एकत्र ठेवले जाई आणि त्यांच्या मूळ भाषा दोनतीन पिढ्यांत मागे पडत. कोकण किनाऱ्यावरील परिस्थिती वेगळी होती. येथे किल्ला व त्याच्याभोवतीची वस्ती हे केंद्र होते. पोर्तुगीज सैनिक, त्यांनी लग्न केलेल्या स्थानिक स्त्रिया, धर्मांतरित कुटुंबे आणि घरकामासाठी आणलेले गुलाम यांच्या सहवासातून बोली तयार झाली. स्थानिक भाषा नष्ट झाली नाही. ती कोटाबाहेर, बाजारात आणि शेतात सतत कानावर पडत राहिली. त्यामुळे येथील क्रिओलवर मराठीचा प्रभाव वाढत गेला.

असे असूनही दोन्हीकडील रचनेत लक्षणीय साम्य आढळते. पोर्तुगीजमध्ये क्रियापदाचे रूप पुरुष, वचन व काळानुसार बदलते. श्रीलंकेतील पोर्तुगीज क्रिओलमध्ये ही रूपे गळून पडली असून क्रियापदाच्या आधी लहानसा शब्द ठेवून काळ दाखवला जातो. वर्तमानासाठी ता, भूतकाळासाठी जा आणि भविष्यासाठी लो. कॅरिबियन समुद्रातील अरुबा व क्युरासाव या बेटांवरील पापियामेंतो या क्रिओलमध्येही वर्तमानासाठी ता आणि भविष्यासाठी लो हेच शब्द आहेत. हजारो मैलांचे अंतर असलेल्या या दोन भाषांतील साम्य योगायोगाचे की समान उगमाचे, हा क्रिओल भाषांच्या अभ्यासातील एक मूलभूत प्रश्न आहे.

नॉर्तेइरो बोली व मुंबई

वसई, साष्टी, ठाणे, मुंबई, चौल व दमण या प्रदेशाला पोर्तुगीज उत्तर प्रांत म्हणत. त्यावरून तेथील ख्रिस्ती रहिवाशांना नॉर्तेइरो, म्हणजे उत्तरेकडचे, असे नाव पडले. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे आली. १६६१ च्या विवाहकरारानुसार मुंबई इंग्लंडच्या राजाला देण्यात आली आणि १६६५ साली इंग्रजांनी तिचा ताबा घेतला. १७३९ साली चिमाजी अप्पा यांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई जिंकली. पुढील वर्षी चौल व कोर्लईचा किल्लाही पोर्तुगीजांच्या हातून गेला. पोर्तुगीज सत्ता व मिशनरी निघून गेले, तरी बोली मागे उरली.

भारतीय पोर्तुगीज बोलींच्या अभ्यासकांनी दिलेल्या स्थळयाद्यांत वसई, ठाणे, वांद्रे, अंधेरी, वर्सोवा, गोराई व मनोरी यांच्यासह माहीम, दादर, परळ, माझगाव आणि गिरगावलगतचे कावेल ही मुंबई बेटावरील नावे आढळतात. आजचे शिवाजी पार्क या पट्ट्यात, माहीम व दादर यांच्या मधोमध येते. दालगादो यांचा लेख प्रसिद्ध झाला तेव्हा शिवाजी पार्क अस्तित्वात नव्हते. महापालिकेने हे मैदान १९२५ साली खुले केले आणि शिवजन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त १९२७ साली त्याला सध्याचे नाव मिळाले. मैदानाच्या दक्षिणेस गोखले मार्गावर असलेले चर्च कागदोपत्री वेगळ्या नावाचे असले, तरी दादरकर त्याला आजही पोर्तुगीज चर्च म्हणूनच ओळखतात. त्याची सध्याची वास्तू वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी रचलेली असली, तरी मूळ स्थापना पोर्तुगीज काळातील आहे.

मुंबईत ही बोली मागे पडण्याची कारणे सामाजिक होती. येथील मूळ ख्रिस्ती समाजातील बहुसंख्य लोक मराठीच्या बोली बोलत. पोर्तुगीज क्रिओल ही त्यांच्यातील काही वस्त्यांची व थरांची भाषा होती. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिक्षणामुळे कारकुनी व रेल्वेतील नोकऱ्या मिळू लागल्या आणि घरातही इंग्रजीचा शिरकाव झाला. त्याच काळात गोव्यातून मोठ्या संख्येने आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून वेगळी ओळख राखण्यासाठी स्थानिक ख्रिस्ती समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ईस्ट इंडियन हे नाव स्वीकारले. पोर्तुगीज या ओळखीशी असलेले नाते सैल झाले, तसे त्या बोलीचे महत्त्वही उरले नाही. मोडकी पोर्तुगीज म्हणून तिची हेटाळणी होत असल्याने ती मुलांना शिकवावी, असे पालकांना वाटण्याचे कारण नव्हते.

अशा वेळी, १९०६ साली, लिस्बनमधील रेव्हिस्ता लुझिताना या नियतकालिकात दालगादो यांचा उत्तरेकडील भारतीय-पोर्तुगीज बोलीवरील लेख प्रसिद्ध झाला. त्याआधी त्यांनी श्रीलंका, गोवा व दमण येथील बोलींवर लिहिले होते. १९१७ साली नागपट्टणमच्या बोलीवरील लेखही प्रसिद्ध झाला. या लेखनामुळे एकाच उगमाच्या अनेक बोलींची तुलना करणे शक्य झाले. गोव्यात कोकणी मातृभाषा म्हणून टिकली आणि पोर्तुगीज ही शिक्षितांची दुसरी भाषा राहिली. त्यामुळे तेथील पोर्तुगीज स्थानिक वळणाची असली, तरी पूर्ण क्रिओल झाली नाही. उलट दमण, दीव व चौल परिसरात क्रिओल ही घरची भाषा झाली. राज्यकर्ते एकच असूनही परिणाम वेगळे झाले, ही बाब या तुलनेतून स्पष्ट होते.

शब्दांचा प्रवास

१९१३ साली दालगादो यांचा आशियाई भाषांवरील पोर्तुगीज शब्दसंग्रहाचा प्रभाव दाखवणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे पन्नास भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा मागोवा असून मराठी ही त्यांपैकी एक आहे. १९३६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत अँथनी झेवियर सोअरेस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला.

बटाटा, पाव, काजू, अननस, कोबी, चावी, बादली, घमेले, पगार, लिलाव, फीत, पाद्री हे मराठीतील नित्याचे शब्द पोर्तुगीजमार्फत आले आहेत. हापूस हे आंब्याचे नावही अफोन्सो या पोर्तुगीज नावावरून आले. या शब्दांकडे पाहिले असता संपर्काचे स्वरूप कळते. नवी फळे व भाज्या, घरातील वस्तू, नोकरी व बाजार, आणि चर्च या क्षेत्रांतून ते आले आहेत. मराठीने शब्द घेतले, पण आपले व्याकरण सोडले नाही. केवळ शब्दांची उसनवारी आणि नव्या भाषेची निर्मिती या दोन भिन्न प्रक्रिया आहेत. मराठीतील पगार हे पहिल्या प्रक्रियेचे उदाहरण आहे, तर कोर्लईची भाषा हे दुसरीचे.

१९१९ व १९२१ साली दोन खंडांत प्रसिद्ध झालेला ग्लोसारियो लुझो-आझियातिको हा त्यांचा सर्वात मोठा ग्रंथ मानला जातो. आशियाई भाषांतून पोर्तुगीजमध्ये गेलेल्या शब्दांचा हा कोश आहे. इंग्रजीच्या बाबतीत हॉब्सन-जॉब्सन या कोशाचे जे स्थान आहे, तेच पोर्तुगीजच्या बाबतीत या ग्रंथाचे आहे.

निधन व मूल्यमापन

४ एप्रिल, १९२२ रोजी लिस्बन येथे दालगादो यांचे निधन झाले. कोकणी म्हणींचा त्यांचा संग्रह त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

दालगादो यांच्या लेखनाला त्यांच्या काळाच्या मर्यादा आहेत. सर्व लेखांच्या शीर्षकांत त्यांनी या भाषांना पोर्तुगीजच्या बोली म्हटले आहे. आजचे भाषाशास्त्रज्ञ क्रिओलला स्वतंत्र व्याकरण असलेली भाषा मानतात आणि तिला मूळ भाषेचे बिघडलेले रूप समजत नाहीत. तथापि ज्या भाषांची दखल घेणे विद्वानांना कमीपणाचे वाटत होते, त्या भाषांना त्यांनी कोश, व्याकरण व तुलनेच्या कक्षेत आणले. ऑस्ट्रियातील भाषाशास्त्रज्ञ ह्यूगो शुखार्ट यांनी १८८० च्या दशकात कोचीन, दीव, माहे व कण्णूर येथील पोर्तुगीज क्रिओलवर लिहिले होते. दालगादो यांच्या लेखांनी या अभ्यासाला किनाऱ्यावरच्याच एका माणसाच्या माहितीची जोड मिळाली.

नॉर्तेइरो बोलीचा एक जिवंत वंशज आजही महाराष्ट्रात आहे. रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यात, कुंडलिका खाडीच्या मुखाशी, रेवदंड्यासमोर असलेल्या कोर्लई गावातील ख्रिस्ती कुटुंबे पोर्तुगीज क्रिओल बोलतात. ते तिला नो लिंग, म्हणजे आमची भाषा, असे म्हणतात. भाषकांची संख्या सुमारे एक हजारापर्यंत आहे. १७४० नंतर पोर्तुगालशी संबंध तुटलेला असतानाही, धर्म व विवाहसंबंधांमुळे वेगळ्या राहिलेल्या या वस्तीत ही भाषा टिकली. तिच्यातील शब्द मुख्यतः पोर्तुगीज असले, तरी क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ साली या भाषेवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. शिक्षण मराठीतून व इंग्रजीतून होत असल्याने तिच्यापुढेही तीच परिस्थिती उभी आहे, जी शतकभरापूर्वी माहीम व दादरच्या बोलीपुढे होती.

गोव्यातील दालगादो कोंकणी अकादमी ही संस्था त्यांच्या नावाने कार्य करते. रोमन लिपीतील कोकणीच्या प्रसारासाठी काम करणाऱ्या या संस्थेला देवनागरीत कोश रचणाऱ्या विद्वानाचे नाव आहे, यावरून लिपीच्या वादातील दोन्ही बाजूंना त्यांच्याविषयी वाटणारा आदर दिसून येतो.

प्रमुख ग्रंथ व लेख

कोकणी-पोर्तुगीज शब्दकोश (मुंबई, १८९३)
हितोपदेश, पोर्तुगीज अनुवाद (१८९७)
श्रीलंकेतील भारतीय-पोर्तुगीज बोली (१९००)
गोव्यातील भारतीय-पोर्तुगीज बोली (१९००)
दमणमधील भारतीय-पोर्तुगीज बोली (१९०३)
पोर्तुगीज-कोकणी शब्दकोश (लिस्बन, १९०५)
उत्तरेकडील भारतीय-पोर्तुगीज बोली (१९०६)
आशियाई भाषांवरील पोर्तुगीज शब्दसंग्रहाचा प्रभाव (१९१३)
नल-दमयंती आख्यान, पोर्तुगीज अनुवाद (१९१६)
नागपट्टणममधील भारतीय-पोर्तुगीज बोली (१९१७)
ग्लोसारियो लुझो-आझियातिको, दोन खंड (१९१९ व १९२१)
कोकणी म्हणींचा संग्रह (१९२२)